महामार्ग रुंद झाला, मग फाट्याचं काय?

मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण कधी होणार, हा विषय कोकणात गणपतीच्या आधी महिनाभर चघळला जातो आणि विसर्जनानंतर पुढच्या वर्षावर ढकलला जातो. इथे तो प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवतो. समजा, रस्ता झाला. चारही पदर, सगळे पूल, सगळे बोगदे सुरू झाले. तर त्यातून कोकणातल्या माणसाच्या हातात पैसा नेमका कुठून येणार? 'रस्ता आला की विकास येतो' हे इतक्यांदा ऐकलंय की मधल्या पायऱ्या मोजायच्या राहूनच जातात. त्या पायऱ्या मोजण्यासाठी हा लेख.

६६ हा आकडा

आधी राष्ट्रीय महामार्ग म्हणजे काय ते पाहू. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली केंद्र सरकार एखादा रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर करतं आणि त्या दिवसापासून तो केंद्राच्या जबाबदारीत जातो. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत या महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण साधारण ४० टक्के वाहतूक त्यांच्यावरून धावते. २०१४ मध्ये हे जाळं सुमारे ९१ हजार किलोमीटरचं होतं, आता ते १ लाख ४६ हजारांच्या पुढे गेलं आहे.

हा आकडा ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाढलेला प्रत्येक किलोमीटर नव्याने बांधलेला नाही. बऱ्याच ठिकाणी आधीचा राज्य मार्गच राष्ट्रीय म्हणून जाहीर झाला. अधिसूचना निघाली, किलोमीटरच्या दगडांचा रंग बदलला, खड्डे तेच राहिले. पुढे पैसा मिळण्याचा दरवाजा त्यामुळे उघडतो हे खरं, पण जाहीर होणं आणि रुंद होणं यांत अनेक वर्षं जाऊ शकतात.

पनवेलहून निघून गोवा, कर्नाटक, केरळ करत कन्याकुमारीला पोचणारा आपला रस्ता पूर्वी, केरळातल्या एडापल्लीपर्यंत, १७ क्रमांकाचा होता. २०१० मध्ये देशभर नवे क्रमांक दिले गेले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. म्हणून अगदी पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला ६६ आला. या आकड्याच्या डावीकडे आणखी एक आकडा लागला की ती त्याची शाखा: रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणारा १६६, गुहागर-चिपळूण-कराड असा कुंभार्ली घाटातून जाणारा १६६-ई. या शाखा लक्षात ठेवा, मुद्दा त्यांच्यापाशी परत यायचा आहे.

वेळेचा पैसा कसा होतो

महामार्गाचा फायदा सांगताना 'इतक्या तासांत गोवा' असं सांगतात. सुट्टीला जाणाऱ्यासाठी ते ठीक आहे. मालवाहतुकीचा हिशोब जरा वेगळा चालतो.

ट्रकच्या मालकाला महिन्याचा हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा पगार द्यावाच लागतो, गाडी पळो वा न पळो. त्याच महिन्यात आठ फेऱ्या होतात की बारा, यावर प्रत्येक फेरीवर पडणारा खर्च ठरतो. चढ-उतार आणि वळणं कमी झाली की डिझेल कमी जळतं, टायर आणि पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) जास्त टिकतात. इथवर कुणालाही पटेल.

पण वेगापेक्षा मोठी किंमत असते ती भरवशाची. देवगडच्या बागेतून संध्याकाळी भरलेल्या हापूसच्या पेट्या सकाळच्या सौद्याला वाशीच्या बाजारात पोचल्या तर एक भाव. वाटेत कुठे तरी कोंडी झाली आणि गाडी दुपारी पोचली, तर खरेदीदार माल उचलून गेलेले असतात आणि पेटीतला आंबा एप्रिलच्या उकाड्यात आणखी एक पायरी पिकलेला असतो. रस्ता रोज दहा तासांचा असेल तर बागायतदार त्याप्रमाणे वेळ धरतो. रस्ता कधी आठ आणि कधी सोळा तासांचा असेल, तर तो सोळा धरून चालतो आणि फळ दोन दिवस आधी, कच्चं उतरवतो. मासळीचं तेच. उशीर होईल या भीतीने बर्फ जास्त भरायचा, म्हणजे तेवढी जागा मासळीची गेली. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतला कारखानदार कच्चा माल दोन दिवसांचा ठेवायच्या ऐवजी आठ दिवसांचा साठवून ठेवतो, म्हणजे त्याचं भांडवल गोदामात अडकून पडतं.

या भरवशाला बाजारात खरोखर किंमत आहे याचा पुरावा कोकणातच आहे. कोकण रेल्वेने १९९९ पासून भरलेले ट्रकच्या ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत न्यायला सुरुवात केली. ट्रकमालक स्वतःची चाकं असताना दुसऱ्याच्या चाकांसाठी पैसे मोजतो, ते उगाच नाही. डिझेल आणि टायर तर वाचतातच, शिवाय घाटात अडकण्याची धास्ती संपते.

आता पुढची पायरी, जी भाषणांत गाळली जाते. वाचलेला पैसा कुणाच्या खिशात जातो? पहिल्यांदा तो ट्रकवाल्याच्या खिशात जातो. गाड्या भरपूर असल्या तर स्पर्धेमुळे भाडं उतरतं आणि तो व्यापाऱ्याकडे सरकतो. शेतकऱ्यापर्यंत तो तेव्हाच येतो, जेव्हा त्याच्यापाशी माल दुसऱ्या कुणाला देण्याची सोय असते. हंगामाआधी दलालाकडून उचल घेतलेली असेल तर आंबा त्याच दलालाला जाणार, रस्ता दोन पदरी असो की सहा पदरी.

शिवाय रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात दूध आणि भाजीपाला आजही मोठ्या प्रमाणावर घाटावरून येतो. घाटातला रस्ता सुधारला की तो आणखी स्वस्त येईल, गिऱ्हाईक खूश होईल, पण परसातली वाल-पडवळं बाजारात नेणाऱ्या बाईला तेवढीच चुरस वाढेल. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की गावाला पक्का रस्ता मिळाल्याचा मुख्य परिणाम म्हणजे माणसं शेती सोडून बाहेरच्या कामावर जाऊ लागली. शेतीच्या उत्पन्नात किंवा घरातल्या मालमत्तेत मोठा फरक पडला नाही. ज्या प्रदेशात घरटी एक चाकरमानी आहे, तिथे हा निष्कर्ष वाचून कुणी दचकणार नाही.

दहा किलोमीटरची गोष्ट

दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाचा अर्थतज्ज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. त्यात दिसलं की महामार्गापासून साधारण १० किलोमीटरच्या आत असलेल्या जिल्ह्यांत कारखानदारी झपाट्याने वाढली, पण १० ते ५० किलोमीटर अंतरावरच्या जिल्ह्यांत तसा परिणाम जवळपास दिसला नाही.

हे वाचून कोकणाचा नकाशा समोर घ्या. ६६ क्रमांकाचा रस्ता पेणनंतर किनारा सोडून सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूने, मधल्या पट्ट्यातून जातो. माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ. आणि समुद्र? माणगावहून श्रीवर्धन, खेडहून हर्णै, चिपळूणहून गुहागर, नांदगावहून देवगड, कसालहून मालवण, सगळं तीस-पन्नास किलोमीटर आत. ज्या आंब्याच्या, काजूच्या, मासळीच्या आणि पर्यटनाच्या जोरावर महामार्गाची गरज पटवून दिली जाते, ते बहुतेक सगळं त्या दहा किलोमीटरच्या बाहेर आहे. महामार्गावर वाचवलेला अर्धा तास फाट्यावरून आत वळल्यावर, समोरून एसटी आली की बाजूला थांबावं लागणाऱ्या रस्त्यावर, खर्च होतो.

म्हणून मला वाटतं, कोकणापुरतं बोलायचं तर महामार्गाचं यश फाट्यावर मोजावं. पनवेलहून पत्रादेवीला किती तास लागले, हे मोजणं मुंबई आणि गोव्याच्या सोयीचं आहे.

याला इतिहासाचीही साथ आहे. चौल, दाभोळ, राजापूर ही बंदरं भरभराटीला आली ती मागच्या घाटवाटांच्या जिवावर. माल देशावरून बैलांच्या पाठीवर घाट उतरून बंदरात यायचा. कोकणाचा व्यापार आडवा होता, पूर्व-पश्चिम. उभा रस्ता ही मुख्यतः मुंबई वाढल्यानंतरची गरज. आज जयगडला किंवा दिघीला बंदर आहे, पण बंदराचं बळ त्याच्या मागे किती मोठा मुलूख जोडलाय यावर ठरतं, आणि तो मुलूख घाटापलीकडे आहे. १६६ आणि १६६-ई या शाखा त्यासाठी महत्त्वाच्या. वर्तमानपत्रात मात्र त्यांना जागा मिळते ती दरड कोसळल्यावर.

बॅरिस्टर अंतुल्यांनी धरलेला रेवस-रेडी सागरी महामार्ग हा याच प्रश्नाचा वेगळ्या बाजूने विचार होता: रस्ताच किनाऱ्यावरून न्यायचा. तो राष्ट्रीय नाही, राज्याचा आहे. दर काही मैलांवर खाडी आडवी येत असल्याने तो अनेक दशकं तुकड्यांत राहिला आणि धोपावे-दाभोळसारख्या ठिकाणी गाड्या फेरीबोटीतून पलीकडे जात राहिल्या. खाड्यांवरच्या मोठ्या पुलांचं काम आता मार्गी लागतंय. वेगाच्या दृष्टीने तो ६६ ची बरोबरी करणार नाही, पण मासळी उतरणाऱ्या जेटीपासून तो हाकेच्या अंतरावर आहे.

इथे रस्ता महाग का पडतो

सोलापूरच्या सपाटीवर चौपदरी रस्ता करणं आणि संगमेश्वरात करणं यांची तुलना होऊ शकत नाही. सह्याद्रीतून कोकणात उतरणारी प्रत्येक नदी पश्चिमेला समुद्राकडे जाते आणि रस्ता उत्तर-दक्षिण. त्यामुळे अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, अर्जुना अशी एकही नदी त्याला चुकवता येत नाही. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड, म्हणजे पूल उतरला की घाट, घाट उतरला की पूल.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं माणसांसकट नदीत गेली. तिथे नवा पूल पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये सुरू झाला. सगळी यंत्रणा एका कामामागे उभी राहिली तर किती वेळ लागतो, याचं ते उदाहरण. बाकीच्या रस्त्याकडे पाहिलं की ते उदाहरण जास्तच टोचतं.

मग माती. कोकणात वर जांभा दगड असतो आणि त्याखाली अनेक ठिकाणी मऊ, चिकट मातीचा थर. जांभा कोरडा असताना उभा कापला तरी भिंतीसारखा ताठ राहतो, त्यामुळे कमी जागेत काम उरकायचा मोह होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला की पाणी जांभ्यातून झिरपून खालच्या थरात जातं, तो थर साबणासारखा होतो आणि वरचं सगळं घेऊन रस्त्यावर येतो. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात हेच वारंवार झालं. उपाय माहीत आहेत: डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापायचा, जाळी आणि खिळे मारायचे, माथ्यावरचं पाणी आधीच वळवायचं. पण पायऱ्या कापायला वरची जमीन जास्त लागते, आणि जमीन म्हटली की पुढचा प्रश्न येतो. कशेडीत घाटाला वळसा न घालता डोंगरातून सुमारे दोन किलोमीटरचे दोन समांतर बोगदे काढले, ते यासाठीच. घाटातला अर्धा-पाऊण तास काही मिनिटांवर आला.

पाण्याबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक बोलतात. रुंद रस्ता सखल भागात भराव टाकून उंच केला जातो. तो भराव म्हणजे मैलभर लांबीचा बांधच. त्याखालून पऱ्याचं, वहाळाचं, म्हणजे लहान ओढ्यांचं, पाणी जाण्यासाठी मोऱ्या ठेवतात. मोरी अरुंद ठेवली किंवा चार पऱ्यांना मिळून एक ठेवली, तर पाणी वरच्या अंगाच्या भातशेतीत तुंबतं आणि जिथून सुटतं तिथे खालच्या अंगाला जोराने खणत जातं. कुठला पऱ्या आषाढात किती फुगतो हे ज्याची शेती तिथे आहे त्याला विचारलं तर कळतं. नकाशावर त्याची रेघही नसते.

पैसा कुणाचा

रस्त्याचा खर्च तीन वाटांनी येतो. एक, सरकार ठेकेदाराला कामाचे सगळे पैसे देतं. यात पेट्रोल-डिझेलवरच्या उपकराचा मोठा वाटा असतो, त्यासाठी २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. म्हणजे ज्यांच्या गावात महामार्ग नाही तेही प्रत्येक लीटरमागे त्याचे पैसे देत असतात. दोन, 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा': कंपनी कर्ज काढून रस्ता बांधते आणि पुढे अनेक वर्षं टोल गोळा करून वसूल करते. तीन, मधला मार्ग, २०१६ पासून रूढ झालेला: काम चालू असताना सरकार ४० टक्के देतं, उरलेले ६० टक्के कंपनी उभे करते आणि सरकार ते पुढची काही वर्षं हप्त्याहप्त्याने फेडतं. टोल सरकार गोळा करतं, गाड्या कमी धावल्या तर तोटाही सरकारचा.

पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ मध्ये दुसऱ्या पद्धतीने सुरू झाला, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. इंदापूरपासून झारापपर्यंतचा भाग सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे, वेगवेगळ्या ठेकेदारांत वाटलेला. त्यामुळे एकाच रस्त्यावर एका तालुक्यात गुळगुळीत काँक्रीट आणि पुढच्या तालुक्यात मातीचे ढीग असं चित्र दिसत राहिलं. पहिल्या टप्प्यात जमिनीचा ताबा वेळेत नाही, कर्नाळ्याच्या अभयारण्याची परवानगी अडलेली. 'बांधा, वापरा' पद्धतीत अशा वेळी जे होतं ते सरळ आहे: जमीन नाही म्हणून काम थांबतं, काम थांबलं म्हणून बँक पुढचा हप्ता देत नाही, टोल सुरू होत नाही, व्याज मात्र चालू राहतं.

टोलबद्दल एवढंच. दक्षिणेकडे हातिवले आणि ओसरगावला नाके उभे राहिले तेव्हा स्थानिकांनी विरोध केला, आणि त्यात तथ्य होतं: मुंबईचा माणूस वर्षातून दोनदा टोल देणार, नाक्याजवळचा माणूस बाजारहाटाला रोज देणार. नियमात नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाड्यांना सवलतीचा मासिक पास आहे. टेम्पोवाल्याला तो लागू नाही, आणि गावातला माल टेम्पोतूनच जातो.

दुभाजकाच्या दोन बाजू

रस्ता चौपदरी झाला की मध्ये दुभाजक येतो. कोकम सरबत, काजूगर, आवळा विकणाऱ्याच्या टपरीला पूर्वी दोन्ही बाजूंचं गिऱ्हाईक होतं, आता निम्मं. बायपास झाला तर तेही नाही. वडखळ, माणगाव, लांजा अशा बाजारपेठांतून जाणारी गाडी कोंडीत थांबायची म्हणून चहा-वडापाव खपायचा. कोंडी हा प्रवाशाचा त्रास आणि बाजारपेठेचं उत्पन्न, दोन्ही एकदमच होती. आता धंदा बायपासच्या तोंडाशी, नव्या फाट्यावर सरकतो. तिथली जागा आधी घेऊन ठेवणारा गावातला असतोच असं नाही. नकाशा ज्याला आधी कळतो तो घेतो.

गाव दुभंगतं तो त्रास वेगळा. शाळा इकडे, वाडी तिकडे. गुरांची वाट बंद. भुयारी मार्ग पाचशे मीटरवर असेल तर म्हातारं माणूस दुभाजकच ओलांडतं, आणि अपघात तिथेच होतात. सेवा रस्ता, भुयारी मार्ग आणि मोरी या तीन गोष्टी गावासाठी मुख्य रस्त्याइतक्याच मोलाच्या आहेत, आणि काम रखडलं की सगळ्यात शेवटी राहतात त्याही याच.

सातबारावरची नावं

जमीन घेताना १९५६ च्याच कायद्यातली कलमं लागतात. गावात आता ती इंग्रजी अक्षरांनीच ओळखली जातात: थ्री-ए म्हणजे जमीन घेण्याचा इरादा, थ्री-डी म्हणजे ती केंद्राकडे गेली, थ्री-जी म्हणजे मोबदल्याची रक्कम ठरली. काम प्रांताधिकाऱ्यांमार्फत चालतं. मोबदल्याला २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे निकष आहेत: बाजारभाव, ग्रामीण भागात त्याला राज्याने ठरवलेला १ ते २ चा गुणांक, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम. घर, विहीर, आंबा-काजूची झाडं वेगळी मोजतात.

कोकणात अडतं ते वाटपावर. पाच गुंठ्यांच्या सातबारावर चाळीस नावं, त्यांतली निम्मी हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही, कुळाचं नाव इतर हक्कात, आणि वारस परळ, डोंबिवली, विरारमध्ये. मोबदला कुणाला किती यावर वाद झाला की प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जातं आणि रक्कम तोवर पडून राहते. रस्ता होतो, गाड्या धावू लागतात, पैसे तिथेच. वारसनोंद आधीच करून घेतलेल्या घरांना पैसे मिळायला फारसा उशीर लागत नाही.

थ्री-ए निघाल्यापासून हरकत घ्यायला २१ दिवस असतात. ही हरकत जमिनीच्या वापराबद्दलची असते आणि लेखी द्यायची असते. मोरी, भुयारी मार्ग, गुरांची वाट यांबद्दलचं म्हणणं ग्रामसभेच्या ठरावासह त्याच सुमारास द्यावं, कारण आखणी पक्की झाल्यावर बदल करून घेणं फार कठीण जातं. रक्कम कमी वाटली तर तो वेगळा अर्ज, थ्री-जी झाल्यावर, लवादाकडे. थ्री-एचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा लागतो, त्यांतलं एक मराठी. ते वृत्तपत्र डोंबिवलीतल्या वारसाच्या घरी येत नाही, त्यामुळे गावात जो कुणी राहतो त्यानेच त्या पानाचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकावा, त्याच दिवशी.